तहान जुळली की जोडी जमते

पहाटे साडेपाच

आज २३ फेब्रुवारी, खराटा हाती घेऊन गावं झाडणाऱ्या गाडगेबाबांची जयंती. १९५६ सालच्या डिसेंबरात, २० तारखेला, बाबांनी देह ठेवला तो आमच्या वलगावजवळच, पेढी नदीच्या काठी. म्हणून आजच्या दिवशी गावात खराटे लवकर निघतात. आमच्या रोपवाटिकेत मात्र खराटा रोजच सर्वांत आधी हातात येतो. युफोर्बियाची जुनी पानं पिवळी पडून गळतात. ती कुंडीत साचली की खाली ओल धरते, त्या ओलीत बुरशी वाढते आणि पानांच्या आडोशाला पिठ्या ढेकूण घर करतो. त्यामुळे वाटा झाडायच्या आणि कुंड्यांतली पानंही वेचायची.

झाडता झाडता रोपांची हजेरी होते. खोड बोटाने हलकेच दाबून बघायचं. टणक लागलं तर रोप ठीक. सुरकुतलं असेल तर त्याला तहान लागली आहे. मऊ लागलं आणि बुडाशी काळपट दिसलं तर आत सड लागली आहे. ते रोप तेव्हाच रांगेतून बाहेर काढायचं. चांगला भाग कापून त्याचं कलम करता येतं, सडलेलं मात्र शेजारी ठेवायचं नाही.

फेब्रुवारीचा शेवट म्हणजे आमची लगीनघाई. थंडी उतरलेली असते, ऊन अजून चटके देत नसतं. कलमं लावणं, कुंड्या बदलणं, छाटणी, सगळं याच दिवसांत उरकतं. मार्च तापला की वऱ्हाडात नवं मूळ धरणं अवघड होतं, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेल्यावर असलेलं रोप टिकवणं हेच काम उरतं.

पावणेसात

लाईन आहे तोवर पाणी देऊन घ्यायचं. आमच्याकडे रोपं फुलाच्या रंगावरून किंवा किमतीवरून मांडलेली नाहीत, तहानेवरून मांडली आहेत. नळाजवळच्या पट्ट्यात रोज पाणी पिणारी: मोगरा, गुलाब, जास्वंद, अबोली. मधल्या पट्ट्यात दोन-तीन दिवसांआड चालणारी: सदाफुली, गेलार्डिया, झेंडू, मूळ न धरलेली लहान बोगनवेल. आणि शेवटी, जिथे दिवसभर ऊन असतं तिथे, माती पूर्ण वाळल्याशिवाय पाणी न मागणारी मंडळी: काटेरी युफोर्बिया, अडेनियम, कोरफड, घायपात, जेड, चिनी गुलाब.

शेवटच्या पट्ट्यात झारी फिरवण्याआधी बोट मातीत दोन पेरं घालून बघायचं. ओल लागली तर पुढच्या कुंडीकडे जायचं. आता हिवाळा सरताना आठवड्यातून एकदा-दोनदा पुरतं. उन्हाळ्यात कुंडीतल्या रोपाला दोन-तीन दिवसांआड लागेल. पावसाळ्यात झारीला हातही लावायचा नाही, उलट कुंड्या आडोशाला घ्यायच्या. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो, आणि आमच्या भागात युफोर्बिया दगावतो तो याच महिन्यांत. उन्हाने मेलेला युफोर्बिया क्वचित दिसतो. पाण्याने मेलेले दर पावसाळ्यानंतर लोक घेऊन येतात.

एवढी मांडणी केली की गिऱ्हाइकाचं अर्धं काम होतं. एकाच पट्ट्यातली कोणतीही तीन रोपं उचलली तरी ती एका वाफ्यात सुखाने नांदतात. रंगाची जुळवाजुळव त्यानंतर.

आठ

मजूर बाया आल्या. चहा झाला की माती चाळायला बसायचं.

वऱ्हाडची काळी माती कपाशीला लाख मोलाची आहे. तिच्यातली चिकण ओलीने फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी धरून ठेवण्याचा हाच गुण युफोर्बियाच्या मुळावर येतो. पावसाळ्यात काळी माती दिवसेंदिवस ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि खोड बुडापासून सडतं. म्हणून आमचं मिश्रण वेगळं: दोन घमेली जाड रेती, एक घमेलं माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं विटांचा जाडसर चुरा. मूठ आवळून सोडली की मिश्रण मोकळं व्हायला हवं. ढेकूळ तसंच राहिलं तर अजून रेती घालायची.

ज्यांना जमिनीतच लावायचं आहे त्यांना मी वाफा वीतभर तरी उंच करायला सांगते. खाली मुरूम किंवा बारीक गिट्टीचा थर, वर हे मिश्रण. दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर. ठेंगण्या जातींना एक फूट पुरतं. शेणखत हात राखून घालायचं, कारण नत्र जास्त झालं की पानंच पानं येतात आणि फुलं मागे पडतात.

साडेनऊ

आता दिवसातलं सर्वांत जपून करायचं काम: छाट कलमं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय या टेबलाशी कोणी बसत नाही, हा आमच्याकडचा नियम आहे. युफोर्बियाच्या प्रत्येक जातीत पांढरा चीक असतो. कातडीला लागला तर आग होते, फोड येतात. डोळ्यात गेला तर दुखापत गंभीर होऊ शकते. तसं झालं तर डोळा चोळायचा नाही, स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं तरी धूत राहायचं आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

फांदी निवडायची ती निरोगी, बोटाएवढ्या जाडीची. धारदार, पुसून घेतलेल्या सुरीने वीतभरापेक्षा थोडी कमी, सरळ कापायची. कापताक्षणी दुधाचा थेंब टपोरतो आणि लगेच धार लागते. कापलेलं टोक पाण्यात बुडवलं की चीक गोठतो, धार थांबते. मग टोकाला कोळशाची पूड लावून कलम सावलीत कागदावर पसरून ठेवायचं. चार-सहा दिवसांत कापलेल्या जागेवर कोरडी, कडक खपली धरते. ती धरल्याशिवाय मातीत लावायचं नाही, कारण उघड्या जखमेतूनच सड आत शिरते. खपली धरली की ओलसर रेतीत दोन बोटं खोल रोवायचं आणि नवं पान दिसेपर्यंत पाण्याला हात आवरायचा.

आज टेबलावर बहुतेक कलमं काटेरी युफोर्बियाची आहेत. हे झाड मूळचं मादागास्करचं. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटाचे गव्हर्नर बॅरन मिलियस यांनी ते १८२१ साली फ्रान्सला नेलं, आणि शास्त्रीय नावात, युफोर्बिया मिली यात, त्यांचं नाव राहिलं. आज मोठ्या, गुच्छाने येणाऱ्या फुलांच्या ज्या जाती मिळतात, त्यांतल्या बऱ्याच थायलंडमध्ये तयार झालेल्या संकरित आहेत.

कलम करताना एक फूल हातात घेऊन बघा. ज्या दोन लाल पाकळ्या वाटतात, त्या पाकळ्या नाहीतच. ती रंगीत छदं आहेत, म्हणजे फुलाखालची पानं. त्यांच्या मधोमध एक इवलीशी पिवळसर वाटी असते. तिच्या काठावर मधाच्या ग्रंथी असतात आणि आत खरी फुलं: एकेका पुंकेसराएवढी नरफुलं, आणि मादीफूल असलं तर ते एकच. युफोर्बियाच्या सुमारे दोन हजार जाती जगभर आहेत, त्यांत वीतभराचं तणही आहे आणि झाडाएवढा थोरही. ही वाटी त्या सगळ्यांत सापडते. छदं नुसती पानं असल्यामुळे ती पाकळ्यांसारखी दोन दिवसांत सुकत नाहीत, आठवडेच्या आठवडे टिकतात. बागेत हे झाड सदा फुललेलं दिसतं त्याचं कारण हेच.

अकरा

गिऱ्हाइकं सुरू झाली. अमरावतीहून आलेल्या एका काकूंनी मोबाईलवर गच्चीचे फोटो दाखवले. मोगरा, गुलाब आणि मधोमध काटेरी युफोर्बिया.

"ताई, सगळ्यायले रोज सारखंच पाणी देतो जी मी. मोगरा मस्त हाय, अन् ह्याचेच पानं पिवळे पडून रायले. काहून?"

"काकू, सारखं देता म्हणूनच. मोगऱ्याले रोज पाह्यजे, ह्याले नाही. दोघायले एकाजागी नोका ठेवू."

त्यांना कागदावर गच्ची काढून दिली. मोगरा आणि गुलाब नळाच्या बाजूला, जिथे दुपारनंतर भिंतीची सावली येते. युफोर्बिया पलीकडच्या कठड्याशी, दिवसाला सहा तास ऊन मिळेल तिथे. त्याच्या सोबतीला अडेनियम, कारण दोघांची माती एक, ऊन एक आणि खत एक. फरक एवढाच की थंडीत अडेनियम पानं गाळून झोपतं, तेव्हा त्याचं पाणी आणखी कमी करायचं. अडेनियमचाही चीक विषारी असतो, त्यामुळे दोन्ही कुंड्या नातवंडांच्या हातापासून दूर. पुढच्या रांगेत पसरट कुंडीत चिनी गुलाब. मार्चपासून तो भराभर पसरतो, सकाळच्या उन्हात उमलतो आणि उंच रोपांच्या उघड्या बुडाशी रंग भरतो. एका कडेला कोरफड, तिच्या करड्या-हिरव्या पानांमुळे लाल छदं उठून दिसतात.

काकूंनी नवं युफोर्बिया मागितलं. मी आधी जुनंच कोरड्या मातीत बदलायला सांगितलं. मुळं पांढरी असतील तर ते वाचेल.

साडेबारा

दर्यापूरकडचे एक शेतकरी दादा आले. नवं घर बांधलं आहे, अंगणात बाग करायची आहे.

"विहिरीचं पाणी खारं हाय जी. जे लावतो ते जळते. कुंड्याईवर पांढरा थर येते."

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथली जमीन चोपण आणि भूजल खारं. पिण्याच्या पाण्यापासून ओलितापर्यंत तिथल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या हे सोसलं आहे. त्यांच्या अंगणात फूल फुलावं असं मला फार मनापासून वाटतं, आणि ते शक्य आहे. थोडं खारं पाणी सोसणारी झाडं निवडली आणि मुळाशी क्षार साचू दिले नाहीत की झालं.

दादांना अशी मांडणी दिली: मागे कुंपणाशी बोगनवेल आणि घायपात, मध्ये काटेरी युफोर्बिया, पुढे सदाफुली आणि चिनी गुलाब. वाफा उंच, त्यात रेती भरपूर. चोपण मातीत वाफा करण्याआधी जिप्सम मिसळायचं. पाणी रोज थोडंथोडं शिंपडायचं नाही. अशा शिंपडण्याने पाणी उडून जातं आणि मीठ वर उरतं. दिलं तर खालून निथळेल एवढं द्यायचं, मग माती वाळू द्यायची. पावसाळ्यात छपराचं पाणी टाकीत धरलं तर कुंड्यांना तेच वापरायचं. पावसाच्या पाण्याने साचलेले क्षार धुऊन निघतात.

जाताना दादांनी विचारलं, "बकऱ्या खातीन का हे?" नाही खात. काटे आहेत आणि चीक कडू आहे. शेताच्या धुऱ्यावर शेराचं आणि थोराचं कुंपण आपल्या जुन्या लोकांनी घातलं ते याचसाठी. शेर आणि थोर दोन्ही युफोर्बियाच. घरातल्या जनावरांनी मात्र चुकून तोंड घालू नये एवढी काळजी घ्यायची.

दोन

उन्हात आता रोप हलवायचं नाही. डबे उघडले. आंबिया बहाराचे दिवस आहेत, वाऱ्याच्या झुळकीबरोबर संत्र्याच्या फुलांचा वास येतो.

जेवताना एका मावशींनी विचारलं, की कपाशीत आम्ही निंदून टाकतो ती दुधी आणि हे शोभेचं झाड एकाच घरचं कसं? अगदी एकाच घरचं आहे. सोयाबीन आणि कपाशीच्या शेतात त्रास देणारी मोठी दुधी, वाटेवर भुईला चिकटून वाढणारी लहान दुधी, दोन्ही युफोर्बिया. तोडली की तोच पांढरा चीक, आणि नीट पाहिलं तर तीच इवली वाटी. एरंड, मोगली एरंड आणि क्रोटन हेही याच कुळातले.

निवडुंग आणि युफोर्बिया यांची गल्लतही नेहमी होते. दोन्ही मांसल, दोन्ही काटेरी. पण खरे निवडुंग मूळचे अमेरिका खंडातले, आणि मांसल युफोर्बिया बहुतेक आफ्रिकेतले, काही आपल्याकडचे. दोघांवर कोरड्या हवेचा सारखाच ताण आला, म्हणून दोघांची रूपं सारखी झाली. नातं मात्र काही नाही. ओळख सोपी आहे. निवडुंगाचे काटे केसाळ गादीसारख्या ठिपक्यातून निघतात, युफोर्बियाला तसा ठिपका नसतो. टोचून पाहिलं तर युफोर्बियातून दूध येतं.

साडेतीन

ऊन कललं की कलमबांधणी. युफोर्बिया लॅक्टिया या जातीचा एक प्रकार आहे, त्याची वाढीची टोकं एका रेषेत पसरतात आणि कोंबड्याच्या तुऱ्यासारखी नागमोडी पंखाकृती तयार होते. हा तुरा स्वतःच्या मुळावर फार हळू वाढतो, म्हणून तो आपल्या थोरावर बांधतात. थोर काटक, मूळ जोरकस, वऱ्हाडच्या उन्हाला सरावलेला.

थोराचं खोड सरळ आडवं कापायचं आणि मधोमध खाच घ्यायची. तुऱ्याच्या बुडाला त्या खाचेत बसेल अशी पाचर. दोन्हीकडून चीक वाहतो. स्वच्छ कापसाने तो थांबेपर्यंत टिपत राहायचा, कारण मध्ये चिकाचा थर राहिला तर जोड धरत नाही. मग पाचर खाचेत बसवायची, दोन्हींच्या आतल्या रसवाहिन्या एकमेकींना भिडतील अशी. पट्टीने घट्ट बांधून वर प्लास्टिकची पिशवी, आणि दोन-तीन आठवडे हिरव्या जाळीखाली. तुरा टवटवीत राहिला तर जोड जमला.

हाच थोर आयुर्वेदात स्नुही म्हणून ओळखला जातो. भगंदरावरच्या क्षारसूत्रात धाग्याला जी एकवीस पुटं देतात त्यांतली पहिली अकरा या चिकाचीच असतात. नंतर आघाड्याचा क्षार आणि शेवटी हळद. ते काम वैद्याचं आहे, घरी चिकाचा कोणताही उपाय करू नये. पण धुऱ्यावर उगवलेल्या झाडाला आपल्याकडे केवढा मान होता हे यातून कळतं.

पाच

जवळच्या खेड्यातले एक गुरुजी आले. शाळेच्या मैदानाभोवती काटेरी युफोर्बियाचं कुंपण हवं होतं. स्वस्त, पाणी कमी, बारमाही फूल. मागणी रास्त होती. तरी मी नको म्हटलं. चेंडू कुंपणात जातो, मूल हात घालतं, फांदी मोडते आणि तोच हात डोळ्याला जातो. मैदानाला मेंदीचं कुंपण सुचवलं. मेंदीलाही पाणी कमी लागतं, कातर सोसते, आणि पोरींना पानं तोडून नेता येतात. वर्गांसमोर गेलार्डिया आणि झिनिया, म्हणजे फुलपाखरं येतील आणि मुलांना बघायला मिळतील. युफोर्बिया हवंच असेल तर फाटकाजवळच्या उंच चौथऱ्यावर, मुलांचा हात पोहोचणार नाही तिथे. गुरुजींना ते पटलं.

विक्री कमी झाली तरी चालेल, पण झाड कुठे लावू नये हे सांगणं रोपवाटिकेचं काम आहे.

साडेसहा

ऊन गेलं की फवारणी. पिठ्या ढेकणावर आणि लाल कोळ्यावर लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल, ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडं साबणाचं पाणी. दुपारच्या उन्हात तेल फवारलं तर पानं करपतात, म्हणून ही वेळ. एखाददुसऱ्या रोपावर असेल तर कापसाच्या बोळ्याने पुसून काढलं तरी भागतं.

मग पॉइन्सेटियाची पाहणी. मेक्सिकोचं हे झाडही युफोर्बियाच. त्याची लाल छदं आता उतरणीला लागली आहेत. या आठवड्यात वीतभर खोड ठेवून छाटायचं, म्हणजे पावसाळ्यापर्यंत डेरेदार होईल. लोकांची तक्रार असते की दुसऱ्या वर्षी लाल होत नाही. याला लाल व्हायला लांब रात्र लागते: सप्टेंबरअखेरीपासून सहा ते आठ आठवडे, रोज सलग चौदा तास काळोख. मध्येच अंगणातला दिवा पडला तरी झाड हिरवंच राहतं. म्हणून आमची पॉइन्सेटिया परतवाडा रस्त्याकडे नाहीत, मागच्या अंधाऱ्या बाजूला आहेत. याला काटेरी युफोर्बियापेक्षा पाणी जास्त लागतं, म्हणून एकाच कुळातले असूनही दोघे एका वाफ्यात लावायचे नाहीत.

आठ

वही लिहायची वेळ. कोणती कलमं कोणत्या तारखेला कापली, कोणाला काय दिलं, कोणाला काय नको म्हटलं. सुऱ्या तेलाच्या बोळ्याने पुसून, हातमोजे धुऊन ठेवले.

दिवसभर जे सांगत होते ते थोडक्यात इथेही लिहिते. नर्सरीत गेलात की फुलाचा रंग बघण्याआधी तीन प्रश्न विचारा: याला ऊन किती, पाणी किती दिवसांनी, आणि माती कशी? ज्या झाडांची तिन्ही उत्तरं एक येतील ती एकत्र लावा. काटेरी युफोर्बियाला अडेनियम, कोरफड, घायपात, चिनी गुलाब आणि मूळ धरलेली बोगनवेल शोभतात आणि सोसतात. मोगरा, गुलाब आणि जास्वंद यांना वेगळी जागा द्या. वाफा पावसाळ्याआधी उंच करा, छाटताना डोळ्यांवर चष्मा घाला आणि लहान मुलं खेळतात तिथे हे झाड लावू नका. एवढं पाळलंत तर वऱ्हाडचा मे महिनाही तुमची बाग फुललेली बघेल.